धुक्याचे पैसे

‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. २०१४ मध्ये तोच रीमास्टर होऊन प्लेस्टेशन ४ वर आला. २०२२ च्या सप्टेंबरात तो नव्यानं बांधून, नावापुढे ‘पार्ट वन’ लावून प्लेस्टेशन ५ वर आला आणि आपल्याकडे त्याची किंमत होती ४,९९९ रुपये. नऊ वर्षांत तीनदा. गोष्ट तीच, शेवट तोच, मधे भेटणारे जिराफही तेच. फक्त जिराफांच्या अंगावरचे ठिपके आता जास्त स्पष्ट.

आमच्या ऑफिसात एकानं तो घेतला आणि डब्याच्या वेळी दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ही सरळसरळ लूट आहे. आधीच विकलेला माल पुसूनपासून पुन्हा विकतात आणि आपण लायनीत उभे राहतो. दुसऱ्याचं म्हणणं, आवडत्या पुस्तकाची नवी आवृत्ती घेतोच की आपण. चांगला कागद, मोठा टाइप, नवं मुखपृष्ठ. तेव्हा का नाही म्हणत लूट? दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते, म्हणून वाद मिटला नाही. डबे संपले, तेव्हा थांबला.

शब्दांचा थोडा घोळ आहे, तो आधी सोडवते. रीमास्टर म्हणजे जुन्या वाड्याची डागडुजी. भिंती त्याच, रंग नवा, वायरिंग नवं. रीमेक म्हणजे वाडा पाडून त्याच नकाशावर नवं घर. विकणारे हे शब्द सोयीनं वापरतात, त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय यावरून आत काय आहे ते कळत नाही. सिनेमावाल्यांनीही हे केलंय. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये अख्खा रंगवून थेटरात लागला होता. तिकीट काढून बघणारे खूश होते, आणि ज्यांनी कृष्णधवल पाहिला होता ते कपाळाला आठ्या घालून बसले होते.

आपल्याकडे या वादाला एक वेगळाच पदर आहे, तो परदेशी यूट्यूबरांच्या व्हिडिओत सापडत नाही. ‘एकदा पैसे दिलेत, पुन्हा का देऊ?’ हा त्यांचा मुख्य मुद्दा. माझ्या वयाच्या, लहान गावात वाढलेल्या किती जणांनी पहिल्यांदा पैसे दिले होते? कॉम्प्युटर असेंबल करून देणारा माणूस विंडोजबरोबर सात-आठ गेम हार्ड डिस्कवर टाकून द्यायचा. जसं किराणा दुकानदार वाण्याच्या यादीबरोबर पोरांसाठी दोन गोळ्या देतो तसं. रोड रॅश, एनएफएस टू, प्रोजेक्ट आयजीआय, व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स टू. हे गेम कोणी केले, कुठे केले, त्यांची किंमत असते, यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं. ते कॉम्प्युटरबरोबर येत, माउसबरोबर माउसपॅड येतं तसे. त्यामुळे रीमास्टर ही आमच्यापैकी अनेकांसाठी दुसऱ्यांदा भरायची किंमत नाहीच. पहिल्यांदाच भरायची आहे, वीस वर्षांनी. म्हणून मला हा प्रश्न जरा वेगळा पडतो. महाग की स्वस्त हे नंतर. आधी हे, की पैसे नेमके कशाचे?

बाबांचा कऱ्हाडला फोटो स्टुडिओ होता. २००५ मध्ये त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो फोटोशॉपसाठी. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, कारण पासपोर्ट फोटोला ते लागत नाही. रात्री नऊला शटर अर्धं खाली आलं की बाबा दिवसाचा गल्ला मोजायला बसत आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर दादाचा आणि माझा. गल्ला मोठा असला की खेळ जास्त वेळ. लग्नसराईत आम्ही व्हाइस सिटीचे अर्धेअधिक मिशन पार केले.

जीटीए सॅन अँड्रियास दादाच्या मित्राकडून आला आणि आमच्या मशिनला तो झेपेना. अडकत अडकत चालायचा. मग दादानं ऑप्शनमध्ये जाऊन ‘ड्रॉ डिस्टन्स’ नावाची पट्टी पार तळाला नेली. म्हणजे किती लांबपर्यंतचं जग कॉम्प्युटरनं काढून दाखवायचं, ते अंतर कमी केलं. आता गेम चालायला लागला, पण समोरचं जग थोड्या अंतरावर संपायचं. पलीकडे पांढुरकं काहीतरी. सायकल दामटली की त्यातून आधी विजेचा खांब उगवायचा, मग भिंत, मग अख्खी बिल्डिंग. डिसेंबरात पहाटे प्रीतिसंगमावर गेलं की कृष्णेचा पलीकडचा काठ असाच तुकड्यातुकड्यानं येतो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अमेरिकेत धुकं फार असतं, एवढंच वाटलं.

या धुक्यामुळे तो प्रदेश अफाट वाटायचा. लॉस सँटोसहून सॅन फिएरोला गाडीनं जायचं म्हणजे कऱ्हाडहून पुण्याला जाण्याइतकं मोठं काम. दादा निघण्याआधी खरोखर पाणी पिऊन यायचा.

२०२१ च्या नोव्हेंबरात रॉकस्टारनं जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिन्ही गेम एकत्र करून ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आणली. किंमत ६० डॉलर. काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या स्टुडिओनं केलं होतं, अनरिअल इंजिनवर. ती कशी निघाली हे बहुतेकांना माहीत आहे, कारण आठवडाभर मीमना दुसरा विषय नव्हता. पाऊस म्हणजे पडद्यावर मारलेल्या पांढऱ्या रेघा, रात्री तर समोरचं दिसेना. ओळखीच्या माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत. पण माझ्या डोक्यात राहिल्या त्या दोनच गोष्टी.

एक म्हणजे डोनटच्या दुकानाची पाटी. सॅन अँड्रियासमध्ये ‘टफ नट डोनट्स’ नावाचं दुकान आहे आणि त्याच्यावर भलामोठा नट आहे, नट-बोल्टमधला, षटकोनी. इंग्रजी शब्दावरची कोटी. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करताना त्या नटाचे सहा कोपरे गेले आणि तो गोल झाला. कोटी मेली. कोपरे हा जुन्या काळातला खडबडीतपणा नव्हता, तो विनोद होता, हे कडा घासणाऱ्या सॉफ्टवेअरला कळायचं कारण नव्हतं. आणि सॉफ्टवेअर गेल्यावर त्या पाटीकडे एखाद्या माणसानं पाच सेकंद पाहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट धुकं. नव्या मशिनांना सगळं दूरपर्यंत दाखवता येतं, म्हणून त्यांनी दाखवलं. लोक विमान घेऊन वर गेले आणि खाली पाहिलं, तर ते अख्खं राज्य, तिन्ही शहरं, वाळवंट, माउंट चिलियाड, सगळं एका नजरेत. एखाद्या बागेत मुलांसाठी केलेला भारताचा नकाशा असतो ना, ज्यात दोन ढांगांत हिमालयावरून कन्याकुमारीला पोचता येतं, तसं. जी शहरं आम्हाला एकमेकांपासून शंभर मैलांवर वाटायची ती शेजारी शेजारी उभी होती.

नकाशा पहिल्यापासून तेवढाच होता. २००४ च्या प्लेस्टेशन २ मध्ये त्याहून जास्त मावणार नव्हतं. मग ज्यांनी तो केला त्यांनी काय केलं, तर रस्ते मुद्दाम वळवले, दोन गावांच्या मधे टेकड्या आणल्या आणि लांबच्या सगळ्यावर धूसर हवा पसरली, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरं दिसूच नये. जागा कमी आहे हे खेळणाऱ्याला कळू न देणं हे त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं. सतरा वर्षांनी कुणीतरी ते धुकं म्हणजे जुन्या मशिनची कमतरता समजून पुसलं आणि वर ६० डॉलर मागितले. पुढच्या दुरुस्त्यांत धुकं परत आलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तर जुन्यासारखा प्रकाश आणि आकाश देणारा पर्यायही आला. आधी पुसायचे आणि मग परत आणायचे, दोन्ही कामांना तीन वर्षं.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९९९ चा ‘सायलेंट हिल’ आठवा, किंवा यूट्यूबवर बघा. ओसाड गाव, दाट धुकं, आणि रेडिओची खरखर वाढली की समजायचं काहीतरी जवळ आलंय. पहिल्या प्लेस्टेशनला अख्खं गाव दाखवणं जमत नव्हतं म्हणून ते धुक्यात बुडवलं, आणि भीती आली ती त्या धुक्यामुळेच. २०१२ मध्ये मालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांची एचडी आवृत्ती निघाली. ज्या स्टुडिओकडे काम होतं त्याच्या हातात मूळ गेमचा पूर्ण झालेला कोड पोचलाच नव्हता, अपुरा मिळाला. त्यांनी जे सापडलं त्यावर काम केलं. धुकं विरळ झालं, आणि दुसऱ्या भागात तळ्यावरून नाव वल्हवत जायचा जो प्रसंग आहे तिथे पाणी जिथे संपतं ती सरळ कड दिसायला लागली. कापलेल्या प्लायवूडसारखी.

आता हे सगळं मला इतकं का लागतं, तर बाबांमुळे.

स्टुडिओत जुने फोटो दुरुस्तीला यायचे. पिवळे पडलेले, कोपरे खाल्लेले, बुरशीचे पांढरे ठिपके पडलेले. बहुतेक वेळा घरात कुणाचं तरी वर्षश्राद्ध किंवा नवीन घराची वास्तुशांत असायची आणि भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असायचा. सांगणं एकच. ‘एकदम क्लिअर करून द्या.’ बाबा फोटो उन्हाच्या बाजूला धरून बराच वेळ बघायचे. मग विचारायचे, यांना पाहिलेलं कुणी आहे का घरात? असलं तर त्यांना घेऊन या.

मदतीला एक मुलगा होता, हुशार, फोटोशॉपवर त्याचा हात बाबांपेक्षा जलद चालायचा. एकदा त्यानं एका फेटेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो इतका सुंदर साफ केला की आम्ही सगळे बघत राहिलो. एक ठिपका नाही. न्यायला त्या माणसाची सून आली, तीच सत्तरीची असेल. तिनं फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, “हे आमचं आबा न्हवं.” आबांना लहानपणी देवी आल्या होत्या. गालावर व्रण होते. मुलानं बुरशीच्या ठिपक्यांबरोबर ते व्रणही पुसले होते.

बाबांनी त्याला रागावलं नाही. फोटो पुन्हा स्कॅन केला, त्या बाईंना शेजारी स्टुलावर बसवलं आणि पडद्यावर एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारत गेले. हा आबांचा की बुरशीचा? ती सांगत गेली. काहींवर ती अडली, तेव्हा बाबांनी ते तसेच ठेवले. दुपार गेली त्यात. पैसे ठरले होते तेवढेच घेतले, चारशे. जाताना नव्या फोटोबरोबर जुना फोटो त्याच पाकिटात घालून दिला. हे ते कायम करायचे, गिऱ्हाईक म्हणालं ‘राहू दे तो, काय करायचाय’ तरी. त्यांचं म्हणणं, मी केलेलं उद्या कुणाला पटलं नाही तर त्यांच्याकडे मूळ पाहिजे.

रीमास्टरच्या किमतीचा विचार करताना मी या दोन गोष्टींपलीकडे फारशी गेलेले नाही. ठिपका कुठला आणि व्रण कुठला हे ओळखायला वेळ घालवलाय का? आणि पाकिटात मूळ फोटो आहे का? फोर-के, रे-ट्रेसिंग, साठ फ्रेम या सगळ्याला माझ्या हिशेबात फोटोच्या फ्रेमइतकी किंमत आहे. फ्रेम चांगली असावी, पण तिच्यासाठी कुणी स्टुडिओत येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तर कंपन्या उघड्या पडतात. जीटीएची नवी आवृत्ती यायच्या महिनाभर आधी जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले गेले. म्हणजे घ्यायचं तर नवीनच. ओरड झाल्यावर रॉकस्टारनं माफी मागितली आणि पीसीवर जुने परत आणले. याच्या उलट २०१७ चं ‘स्टारक्राफ्ट’ बघा. ब्लिझर्डनं आधी १९९८ चा मूळ गेम फुकट करून टाकला आणि मग चारेक महिन्यांनी रीमास्टर आणला, १५ डॉलरला. खेळता खेळता एक बटण दाबलं की जुनं रूप, पुन्हा दाबलं की नवं. तुम्हीच ठरवा फरक पैशांचा आहे का. माल विकणाऱ्यानं तराजू आपल्याच हातात द्यावा असं हे. आणि याच ब्लिझर्डनं २०२० च्या जानेवारीत ‘वॉरक्राफ्ट थ्री: रीफोर्ज्ड’ आणला तेव्हा ज्यांच्याकडे २००२ चा जुना गेम होता त्यांच्याही माथी नवं सॉफ्टवेअर मारलं. एक पैसा न देता ज्यांना जुनंच खेळत राहायचं होतं त्यांचाही गेम बदलला, काही सोयी तर गायबच झाल्या. शेवटी लोकांना पैसे परत द्यायची वेळ आली. तीन वर्षांच्या अंतरानं त्याच कंपनीनं दोन्ही टोकं करून दाखवली, त्यामुळे ‘तंत्रज्ञानाच्या अडचणी असतात हो’ हे मला कुणी सांगू नये.

अडचणी नसतात असं नाही. जुना गेम नुसता ठेवून दिला तर तो आंबतो. विंडोज बदलतं, ग्राफिक्स कार्ड बदलतं, गाण्यांचे हक्क संपतात. व्हाइस सिटीच्या रेडिओवरची मायकेल जॅक्सनची गाणी नंतरच्या आवृत्त्यांतून अशीच गेली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी. ‘जुनंच बरं होतं’ म्हणणं सोपं आहे, पण ते जुनं बहुतेक वेळा दुकानात नसतंच, आणि सीडी असली तरी सीडी ड्राइव्ह कुणाच्या लॅपटॉपला आहे? कुणीतरी बसून ते चालतं ठेवावं लागतं, आणि त्या बसण्याचे पैसे होतात. ते द्यायला माझी ना नाही.

त्या बसणाऱ्यांबद्दल थोडं. मी आता पुण्यात असते. २०२० च्या सप्टेंबरात, लॉकडाउनमध्ये, युबिसॉफ्टनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक जाहीर केला, आणि तो होत होता युबिसॉफ्टच्या पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओत. मला वेड लागायचंच बाकी होतं. २००३ चा मूळ गेम सुरू होतो तोच हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर, आणि त्याची राजकन्या फराह सगळा खेळभर राजपुत्राबरोबर असते. मॉन्ट्रियलच्या लोकांनी कल्पनेनं उभा केलेला आपल्याकडचा राजवाडा आता आपल्याकडचे लोक बांधणार होते. किंमत ४० डॉलर, म्हणजे नव्या मोठ्या गेमपेक्षा वीस कमी.

ट्रेलर आला आणि अर्ध्या तासात त्याची साल काढली गेली. चेहरे जुनाट, हालचाली अवघडलेल्या. टीका खोटी नव्हती, मलाही तो ट्रेलर कच्चा वाटला. पण कमेंटमध्ये एक सूर असा होता की भारतात केलाय म्हटल्यावर आणखी काय होणार. तो आपल्याच लोकांनीही लावला होता, आणि तो वाचून मी फोन उलटा ठेवला. २०२१ च्या जानेवारीत येणारा गेम मार्चवर गेला, मग बेमुदत, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम मॉन्ट्रियलला परत गेलं. माझ्या हातात तो आलाच नाही.

त्या दीड-दोन वर्षांत पुण्यात कुणी काय केलं, किती राबलं, हे बाहेरच्याला कळत नाही. पण एक गोष्ट बाहेरूनही दिसते. नवा गेम करताना वर्षानुवर्षं आणि शेकडो माणसं लागतात हे सगळ्यांना मान्य असतं. जुन्याला हात लावायचा म्हटलं की ते काम ‘तयार तर आहेच, फक्त जरा चकचकीत करायचं’ असं मोजलं जातं. जीटीएच्या तीन अजस्र गेमचं कामही एका लहान स्टुडिओकडेच होतं. माझ्या मते हे उलटं आहे. दुसऱ्याच्या हातचं, लाखो लोकांना पाठ असलेलं काम हातात घेऊन त्यातलं काय ठेवायचं हे ठरवायला नव्या कामाइतकाच, कदाचित जास्त, वेळ लागतो. बाबांना नवा फोटो काढायला दहा मिनिटं लागायची आणि जुना दुरुस्त करायला अख्खी दुपार. लोकांना मात्र दुरुस्ती स्वस्तात हवी असायची, ‘फोटो तर आमचाच आहे’ म्हणून.

मी स्वतः कशाला पैसे दिले ते सांगते. एज ऑफ एम्पायर्स टू. हाही तीनदा विकलेला माल आहे बरं का. १९९९ चा मूळ, २०१३ ची एचडी आवृत्ती, २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन, २० डॉलरची. वर ‘लास्ट ऑफ अस’च्या जिराफांना हसले ते इथे विसरलेले नाही. पण ही तिसरी आवृत्ती ज्यांनी केली त्या फॉरगॉटन एम्पायर्सची सुरुवात गेमच्या चाहत्यांपासून झाली. हौसेनं, आपापल्या घरी बसून त्यांनी जुन्या गेमवर स्वतःची भर घातली होती, ती इतकी नेटकी होती की मायक्रोसॉफ्टनं नंतर त्यांनाच काम दिलं. म्हणजे स्टुलावर बसलेली सूनबाई आणि फोटोशॉपवाला एकच.

आणि ते कळतं. चित्रं सगळी नव्यानं काढलीत, पण गढीचा आकार, झाडांची दाटी, माणूस निवडल्यावर तो जे पुटपुटतो ते, सगळं जागेवर. ज्याला अतिसूक्ष्म चित्रं हवीत त्यानं ती वेगळी, फुकट उतरवून घ्यायची. मोटारगाडी आणणारा चीटकोडसुद्धा शाबूत आहे, मध्ययुगीन सैन्यात निळी मोटार. कुणाला तरी हे काढून टाकावंसं वाटलं असतं. शेत संपलं की ते पुन्हा पेरायचं काम आता गिरणीवर एक खूण केली की आपोआप होतं. ही सोय मी पहिल्या दिवशी तत्त्व म्हणून बंद केली आणि तिसऱ्या दिवशी चालू केली.

पण मी पैसे दिले ते यातल्या कशासाठीच नाही. दादा २०११ पासून मस्कतला आहे. वर्षातून एकदा येतो, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. फोनवर आमचं बोलणं म्हणजे आईची शुगर, बाबांचे गुडघे, स्टुडिओची जागा भाड्यानं द्यायची की विकायची. २०२० मध्ये सेल लागला तेव्हा मी दोन प्रती घेतल्या, एक त्याला भेट पाठवली. या गेममध्ये दोघांनी एकच रंग निवडला तर दोघं मिळून एकच राज्य चालवतात. तो मूळ गेममध्येही होता हा प्रकार, पण आमच्याकडे एकच कॉम्प्युटर होता. तेव्हा माउस दादाच्या हातात आणि मी शेजारी बसून ‘अन्न संपलं, लाकूड संपलं’ ओरडायची. आता तो तिकडून लढतो, मी इकडून शेती बघते. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून आमचं शुक्रवारी रात्री. कानाला हेडफोन. पहिल्या दिवशी शत्रू आत घुसला तेव्हा त्यानं मला मी चौथीत असताना जे चिडवायचं नाव होतं त्या नावानं हाक मारली, आणि तेवढ्यात आमची गढी पडली.

जुनी सीडी चालवून हे झालं नसतं. त्या काळातला ऑनलाइन अड्डा, एमएसएन गेमिंग झोन, २००६ मध्येच बंद झाला. कुणीतरी सर्व्हर चालू ठेवलाय, दर काही आठवड्यांनी काहीतरी दुरुस्त करतंय, म्हणून मस्कत आणि पुणे एका राज्यात राहतात. सेलमध्ये दोन प्रतींना मिळून गेलेले पैसे आमच्याकडे एका सिनेमाला चौघांना लागतात त्याहून कमी होते. पूर्ण किंमत असती तरी मी दिली असती.

या आवृत्तीवर आणखी भर म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ नावाचा भाग आला, १० डॉलरला. आधी सगळा भारत ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली होता, त्याचे आता हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार झालेत. राजेंद्र चोळाची मोहीम आहे, बाबराची आहे. देवगिरीच्या यादवांना वेगळी जागा नाही, त्यावर दादानं मला भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला होता, जणू मीच तो गेम बनवलाय. आता तो म्हणतो, यादव नसले तरी हत्ती आहेत, घेऊ. मी म्हटलं, सेल लागू दे आधी.